तंजावरात बेथोव्हेन निवडताना

काही प्रश्न असे असतात की ते सुटले नाहीत तरी कोणाचे काही अडत नाही, आणि नेमके तेच रात्री झोप येऊ देत नाहीत. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीचे कोणते ध्वनिमुद्रण घरी ठेवावे, हा त्यांतलाच एक. शहाण्या माणसांना हा प्रश्नच वाटत नाही. कागदावरचे स्वर १८२४ साली ठरून गेले, मग निवडायचे काय? पण ज्याने एकदा संग्रहाचा नाद लावून घेतला, त्याला नववी अशी एकटी भेटतच नाही. ती कोणा ना कोणा वाद्यवृंद-संचालकाची होऊन येते: टॉस्कानिनीची, फुर्टवेंग्लरची, क्लेम्पररची, कारायानची. आणि कारायानची म्हटले तरी कोणत्या कारायानची? त्याने नऊच्या नऊ सिम्फनी चार वेळा ध्वनिमुद्रित केल्या. प्रत्यक्ष ज्याच्या हातात काठी होती त्याचे मन एका नववीवर ठरत नव्हते, तिथे आपण कपाटासमोर उभे राहून ठरवायचे म्हणजे धाडसच.

हे ओझे डोक्यात घेऊनच मी तंजावरच्या राजवाड्यात हिंडत होतो. तशी जागा चुकीची नव्हती. निवडण्याचा आजार ज्याला राजेशाही थाटात जडला होता असा एक मराठी माणूस इथेच राहत होता. सरफोजीराजे दुसरे यांचा जन्म १७७७ चा, बेथोव्हेनचा १७७०चा. म्हणजे थोरला भाऊ शोभावा इतकेच अंतर. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला उरला आणि भोवतालची थोडी जमीन. राज्य गेले की दुपारी फार लांब होतात. कोणी त्या शिकारीत घालवतो, कोणी कज्ज्यात. या राजाने त्या संग्रहात घातल्या. आधीच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेले सरस्वती महाल ग्रंथालय त्याने भरभरून वाढवले, युरोपातून पुस्तके मागवली, त्यांतल्या अनेकांवर स्वतःची इंग्रजी सही केली, वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या. कुठल्या पुस्तकाला नाही म्हणावे हे त्याला कळत नसावे, आणि याच दुर्गुणावर जगातली सगळी चांगली ग्रंथालये उभी आहेत.

ग्रंथालयाच्या लहानशा संग्रहालयात फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा चित्रकार शार्ल ल ब्रँ याची चित्रे आहेत. माणसाचा चेहरा आणि पशुपक्ष्याचा चेहरा शेजारी शेजारी ठेवून त्याने साम्य दाखवले आहे. त्यांच्यासमोर उभे असताना मला तबकड्यांची वेष्टने आठवू लागली. डोळे मिटून, केस मागे सारून ध्यान लावलेला कारायान ल ब्रँच्या हाती लागता तर त्याच्या शेजारी गरुड बसला असता, यात शंका नाही. क्लेम्परर म्हणजे पावसात भिजलेला, पण जागा न सोडणारा वृद्ध उंट. आपण स्वर निवडतो अशी आपली समजूत असते, पण दुकानात हात जातो तो चेहऱ्याकडे. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याची ही विद्या शास्त्रज्ञांनी मोडीत काढली खरी. संग्राहकांनी ती अजून चालू ठेवली आहे.

सरफोजींना मात्र हे सुख नव्हते. त्यांच्या संग्रहात पाश्चात्य संगीताच्या स्वरलिपीच्या वह्या आहेत आणि पदरी युरोपीय वाद्यांचा बँड होता. म्हणजे त्यांना निवडायचे होते ते कागद आणि माणसे. कागद जहाजातून यायचा. तो वाचणारी माणसे शोधायची, नाही मिळाली तर शिकवून तयार करायची, वाद्ये कावेरीकाठच्या हवेत सुरात राखायची, आणि एवढे सगळे जमले तर संध्याकाळी काही मिनिटे संगीत. ते संपले की संपले. आवाज फडताळात ठेवायची सोय जगात कुठेच नव्हती. आमचे नेमके उलटे झाले आहे. आवाजाने घर भरून गेले आहे, एका बोटाने वीस नवव्या समोर उभ्या राहतात, आणि कागद आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. राजांना एक सिम्फनी ऐकण्यासाठी जेवढा खटाटोप पडला असता तेवढाच आम्हांला आता न ऐकण्यासाठी पडतो.

त्यांच्यात आणि बेथोव्हेनमध्ये एक गाठ मात्र आहे, दोघांनाही न कळता पडलेली. बेथोव्हेनने आपल्या तिसऱ्या सिम्फनीवर नेपोलियनचे नाव घातले होते; १८०४ मध्ये तो सम्राट झाल्याचे कळताच त्याने ते इतक्या रागाने खोडले की कागदाला भोक पडले. पुढे १८१३ मध्ये नेपोलियनच्या बाजूचा पराभव वाजतगाजत साजरा करणारी एक रचनाही त्याने केली, आणि ती त्याच्या थोर कृतींत गणली जात नाही. इकडे १८१४ मध्ये सरफोजींनी समुद्रकाठी मनोरा बांधला, तोही नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ. षट्कोनी, मजल्यावर मजले चढलेला. व्हिएन्नातला एक चिडखोर आणि तंजावरातला एक शांत गृहस्थ एकाच माणसाच्या पडण्याची आठवण ठेवत होते, एक तुताऱ्यांत आणि एक विटांत. मनोरा अजून उभा आहे. ती रचना फारशी कोणी वाजवत नाही. समारंभासाठी काही करायचेच असेल तर विटा बऱ्या, असा याचा अर्थ घ्यावा का?

सिम्फनी ही गोष्ट आपल्याला परकी, असे आपण उगाच धरून चालतो. सरफोजींच्या नावावर ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ नावाचा मराठी नृत्यरचनांचा ग्रंथ आहे. त्यात निरूपण नावाचा प्रकार येतो: शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा वेगवेगळ्या चालींच्या रचना एकामागून एक, पण सगळ्या एकाच रागात, एकाच तालात आणि एकच कथा पुढे नेणाऱ्या. युरोपात हायडनने निराळ्या गतींचे चार भाग एका घराण्यातल्या स्वरांत बांधून त्यांना एका छपराखाली नांदायला लावले. तंजावरच्या मराठी दरबारात त्याच सुमाराला निराळ्या प्रकारांना एका रागात नांदवत होते. कोणी कोणाचे पाहून केले असे मुळीच नाही. लांबलचक ऐकायचे तर मधे चाल बदलली पाहिजे आणि तरी घर तेच राहिले पाहिजे, ही गरज माणसाच्या कानातच असावी.

आमच्या घरी एकच नववी होती. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत हिशेबनीस. त्यांचे पारशी साहेब निवृत्त होताना आपल्या एलपींमधली एक त्यांना देऊन गेले. बाबांचा जीव किराणा घराण्यात. पण साहेबांची भेट म्हणून ती तबकडी रविवारी सकाळी लागे, आणि साहेब समोर बसले आहेत अशा बेताने बाबा ताठ बसून ती ऐकत. पुढे पुढे ते ताठ बसणे सुटले आणि ऐकणे उरले. अख्खी नववी एकाच तबकडीवर कोंबल्यामुळे तिसरा, संथ भाग मधोमध कापला गेला होता. स्वर्गाच्या ऐन पायरीवर सुई उचलली जाई, बाबा खुर्चीतून उठत, त्यांचा गुडघा वाजे, तबकडी उलटी होई आणि स्वर्ग पुढे चालू. शेवटच्या भागात गाणारी माणसे उठली की आई आतून म्हणे, “आली बाई माणसं,” आणि कुकर लावी. आज मी तो संथ भाग सलग ऐकतो तेव्हा त्या जागी माझे कान किंचित उभे राहतात. जगातल्या कुठल्याच वाद्यवृंदाने तिथे गुडघा घेतलेला नाही.

तेव्हा अशा कापाकापीला इतिहासही होता. १९१३ मध्ये आर्थर निकिशने बर्लिन फिलहार्मोनिककडून पाचवी सिम्फनी वाजवून घेतली ती आठ बाजूंवर, चार-चार मिनिटांचे घास करून. १९४८ मध्ये एलपी आली आणि घास मोठे झाले. सीडीची लांबी ७४ मिनिटे ठरली ती फुर्टवेंग्लरची नववी तिच्यात मावावी म्हणून, अशी गोष्ट सांगतात; गोष्ट खरी नसली तरी खरी असायला हवी होती. फुर्टवेंग्लरने ती २९ जुलै १९५१ रोजी, युद्धानंतर पुन्हा उघडलेल्या बायरॉइटमध्ये वाजवली. उलट बेथोव्हेनने १८१७ मध्ये मेट्रोनोमचे आकडे छापून आपल्या सिम्फनी किती जलद हव्यात ते सांगून ठेवले होते, पुढे नववीलाही आकडे दिले, आणि १९८०च्या दशकात रॉजर नॉरिंग्टनने ते आकडे खरे मानून वाजवले तेव्हा नववी तासाच्या थोडी पुढे जाऊन संपली. तेच स्वर, तोच कागद, आणि मधे दहाएक मिनिटांची दरी. आमच्या घरी नॉरिंग्टन असता तर रविवारचा भात नक्की कच्चा राहिला असता.

काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसात पूर्वी बंद खोलीत उभे राहून तबकडी ऐकून पाहता येई. तिथे दोन नवव्या पाठोपाठ ऐकणारा माणूस बाहेर येई तो हमखास हात हलवत, काहीच न घेता. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले आणि ‘उद्या येऊन नेतो’ म्हणायची जागा गेली.

राजवाड्यातल्या कलादालनात मला पहिल्यांदा जरा मोकळे वाटले. नायकांच्या दरबाराच्या जागी, टोकदार टोपी घातलेले संगमरवरी सरफोजी हात जोडून उभे आहेत. लंडनच्या फ्लॅक्समनने घडवलेले. आसपासच्या दालनांत चोळकाळातल्या कांस्यमूर्ती, आणि त्यांत नटराज. एक नव्हे, अनेक. प्रत्येकाचा डावा पाय उचललेला, उजव्या पायाखाली अपस्मार, मागच्या एका हातात डमरू, दुसऱ्यात अग्नी. शिल्पशास्त्राने स्वरलिपी पक्की लिहून दिलेली आहे. तिच्यात काडीचाही बदल नाही. तरी एकाची कंबर जरा जास्त वळली आहे, एक नाचायला नुकता उभा राहिला आहे, एकाला नाच संपूच नये असे वाटते आहे, आणि एक जाडसर, समाधानी नटराज जणू मनाशी ताल धरून आहे. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण वाहू द्यायचे, त्या पोकळीत धातू ओतायचा आणि मग माती फोडून टाकायची. साचा प्रत्येक वेळी मोडतो, म्हणून दुसरा नटराज पुन्हा मेणापासून. यांतला खरा कोणता, असे त्या दालनात कोणी विचारत नाही. लोक एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि दुसऱ्यापाशी उभे असताना पहिल्याकडे वळून बघतात.

ते वळून बघणेच महत्त्वाचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा तंजावरच्या पोथ्याही त्या कामी आल्या. तिथे पद्धत अशी की पाठ एक वर आणि पाठभेद खाली, बारीक टाइपात. सिम्फनीचा पाठ कागदावर आहेच. आपल्या कपाटात भरलेले असतात ते सगळे पाठभेद. ग्रंथवाचकाने वरचे वाचावे, संगीताच्या श्रोत्याने तळटिपा ऐकाव्यात. आणि तळटिपांत सर्वोत्तम तळटीप शोधणारा माणूस थोडा वेडाच म्हणायचा.

सरफोजींच्याच काळात संगीतकार मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चाली ऐकून त्यांवर संस्कृत शब्द बसवले. ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर ‘संततं पाहि मां’ म्हणत देवीला साकडे घातले, आणि ती चाल शंकराभरणात अशी बसली की मूळ राजाला ओळखू येऊ नये. त्यांचे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन उचलले आणि आपले केले. कावेरीपलीकडे तिरुवैयारूला संगीतकार त्यागराज राहत. राजांनी त्यांना बोलावले आणि त्यांनी नाकारले, अशी आख्यायिका आहे. इतका हौशी संग्राहक, आणि दहाबारा किलोमीटरवरचा माणूस काही संग्रहात आला नाही. प्रत्येक संग्रहाला अशी एक रिकामी जागा लागते. तिच्यामुळे बाकीच्या जागांचा माज उतरतो.

तेव्हा कोणी मला यादीच मागितली, तर ती छोटी आहे. एका सिम्फनीची दोन ध्वनिमुद्रणे ठेवावीत आणि ती एकमेकांपासून होता होईल तितकी दूरची असावीत. नववीसाठी १९५१ चा फुर्टवेंग्लर आणि नॉरिंग्टन. पाचवीसाठी कार्लोस क्लायबर आणि त्याच्या शेजारी, करकर सोसत असेल तर, निकिश. तिसरे ध्वनिमुद्रण शेजाऱ्याकडे असावे, म्हणजे ऐकायला उठून जावे लागते आणि चहाही मिळतो. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो आहे. तिथे एकदा जाऊन संगीत संपून जाताना ऐकावे, सरफोजींना जसे ऐकावे लागे तसे. आणि आणखी एक नववी विकत घ्यायचा मोह झालाच, तर घरातल्या दोन्ही आधी एकदा शेवटपर्यंत ऐकाव्यात. बहुतेकांचे पैसे तिथेच वाचतात.