दोन उचली

‘यंदा पहिली उचल किती बसणार?’ माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना ऊस घालणारा शेतकरी हंगामाच्या तोंडावर हेच विचारतो. त्याच्याच फडात राबणारा बीडचा ऊसतोडकरी म्हणतो, ‘गेल्या सालची उचल अजून फिटली नाही.’ संस्कृतातल्या उत् आणि चल् यांतून आलेला, वर उचलण्याचा हा शब्द. आमच्या बारामती-इंदापुरात तो पैशाचा झाला.

शेतकऱ्याची उचल म्हणजे कारखान्याकडून मिळणारा पहिला हप्ता. ती मुळात उचल नव्हेच, ते उसाचं मोल आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, थकले तर १५ टक्के व्याजासह. तरी हक्काच्या पैशासाठी रस्त्यावर यावं लागतं. २०११ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी पंढरपूरहून चालत येऊन बारामतीत उपोषणाला बसले. २०१२ च्या दिवाळीत ३००० रुपयांच्या पहिल्या उचलीसाठी इंदापूर पेटलं. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली, ती मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. उत्तम झालं.

खरी उचल तोडकऱ्याची. पावसाळ्यात हात रिकामे असताना टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली, अंगमेहनतीनं फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधारातच फडात शिरायचं, ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. फळी लवते, पाचटाचं कूस मानेत शिरतं, पोटुशी बाईसुद्धा चढते. एवढं करून हंगामाअखेर बाकी निघाली, की पुढच्या साली त्याच मुकादमाची टोळी.

अशा आगाऊ रकमेपायी माणूस बांधला गेला, तर वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा कायदा ते देणंच रद्द ठरवतो. पण तसं सिद्ध करायला कागद लागतो, आणि वही असते मुकादमाच्या पिशवीत. बायको बरोबरीनं राबते, उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर.

शेतकऱ्याला काट्याची पावती मिळते. तशीच पावती कारखान्यानं दर आठवड्याला कोयत्यातल्या दोघांच्या नावानं द्यावी: किती टन तोडलं, किती उचल फिटली, किती उरली.