श्री. आयपीराव पत्ते यांस अनावृत पत्र

श्री. आयपीराव पत्ते यांस,
मुक्काम आमच्या राउटरमागे, पोस्ट कंपनीलाच ठाऊक.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या चिरंजीवांनी तुम्हाला घराबाहेर काढायचा चंग बांधला आहे. इंटरनेटवरचा पत्ता बदलला की आपण कुणाला सापडत नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय. परवा त्याने कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडली, 'आयपीकॉन्फिग रिलीज' टाइप केलं, मग 'रिन्यू'. १९२.१६८.१.५ गेले आणि पुन्हा १९२.१६८.१.५ च आले. मग पठ्ठ्याने सेटिंगमध्ये जाऊन हाताने पाचाचे सात केले आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. अरे बाबा, हे १९२.१६८ वाले नंबर घरातल्या घरात वापरायला १९९४ पासून राखून ठेवलेत. अर्ध्या जगाच्या घरात हेच आहेत. उंबऱ्याबाहेर आपल्याला वेगळ्याच नंबराने ओळखतात.

तो बाहेरचा नंबर म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही आमचे कधी नव्हतातच, कंपनीचे! शहरातले लोक म्हणे तुम्हाला झाकायला दरमहा पैसे मोजतात. आमच्याकडे लाइट गेली की काम फुकटात होतं. लाइट आली, राउटर चालू झाला, की कंपनी हाताशी असेल तो नंबर देते. कधीकधी जुनाच देते. मग अंधारात बसल्याचंही चीज होत नाही.

बरं, तुम्ही एकट्या आमच्याही वाट्याला नाही. तुमचं जुनं खानदान सगळं मिळून जेमतेम ४२९ कोटींचं. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तेव्हापासून कंपन्या एकेका नंबरावर कैक घरं बसवतात, दिंडीच्या एका क्रमांकाखाली शेदोनशे वारकरी चालावेत तशी. फरक इतकाच, की दिंडीत माणसं एकमेकांना ओळखतात. इथे कुण्या अनोळख्याने खोड काढली की सगळ्यांनाच 'तुम्ही यंत्र नाही ना?' म्हणत सिग्नलची चित्रं निवडायला बसवतात. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या पायथ्याला आम्ही सिग्नल कधी पाहावा?

शिवाय तुम्हाला आमचं गाव माहीत नाही. धाकटी पंढरी म्हणून मराठवाड्याला ठाऊक असलेला हा गड. २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे पाटलांच्या मेळाव्याला माणसं पत्ता न विचारता इथे आली. तुमच्या लेखी मात्र आम्ही मुंबईत. हवामान बघायला जावं तर 'मुंबईत मुसळधार' म्हणून सांगतात आणि इथे कापूस माना टाकतोय. आमच्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो तो उन्हाळ्यातच परततो. कागदावर त्याचा पत्ता तसूभर हलत नाही. तुमचं उलटं, बूड हलवायच्या आत नंबर बदलतो.

पण चिरंजीवांना वाटतं तसे तुम्ही काही फरार होत नाही. कोणत्या मिनिटाला कोणता नंबर कोणत्या गिऱ्हाइकाकडे होता, याची वही कंपनी ठेवते. व्हीपीएन घेऊन तोंड झाकावं, तर २८ एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेच्या आदेशाने व्हीपीएनवाल्यांनाही गिऱ्हाइकांची नावं नि नंबर ५ वर्षं जपायला सांगितलेत. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरात सरकारी हुकमाने इंटरनेट बंद झालं, तेव्हा तुम्ही जुने काय नि नवे काय, सारखेच निकामी.

हे सगळं ऐकून चिरंजीव गप्प झाले असतील असं वाटलं ना? छे. आता त्याला विहिरीवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर पुण्यातून बघायचाय, आणि त्यासाठी तुम्ही हवे आहात एकट्या आमचे, कायमचे, जागचे न हलणारे. कंपनी त्याचे दरमहा वेगळे पैसे मागते. तेव्हा आयपीराव, तुमच्या मनात काय आहे ते थेट मलाच कळवा. मधल्या माणसाचे पैसे वाचले तर निम्मे तुमचे. उत्तर मात्र पोस्टकार्डाने पाठवा.

आपला,
नारायणगडाचा एक रहिवासी (तुमच्या मते मुंबईकर)