बसेल आपोआप

बेअरिंग बदलूनही चाक घुमतच राहिलं, की गॅरेजात ठरलेलं निदान मिळतं: ‘नवीन आहे साहेब, चालवा, बसेल आपोआप.’ ब्रेक पॅडच्या बाबतीत हे खरं. बेअरिंग मात्र पहिल्या किलोमीटरपासून गप्प हवं. आवाजाला पत्ता असतो. डावीकडे वळताना तो वाढला तर भार उजव्या चाकावर गेलेला असतो, म्हणून संशयित बहुधा तिकडचा. डांबरावरून काँक्रीटवर येताच बदलला तर आधी टायर पाहावा. सतत करकर येत असेल तर काम करताना वाकलेला डिस्कमागचा पत्रा घासत असू शकतो. तो अनेकदा हातानंच सरळ होतो (बिल मात्र वाकडंच राहतं).

‘जुन्या घरघरीखाली दुसऱ्या चाकाचा आवाज दबला होता,’ हा बचाव अगदीच खोटा नाही. पण मग गाडी उचलून चारही चाकं फिरवून पाहायची कोणी? प्रेस नाही म्हणून नव्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर हातोडा पडला, की गोळ्या कड्यात खळगे पाडतात. एक्सलचा नट ठरलेल्या टॉर्कऐवजी ‘हाताला समजतं’ म्हणून आवळला जातो. स्वस्तात काम हवं असतं, हेही कबूल. पण त्या स्वस्ताईत दुसरं बेअरिंग धरलेलं नसतं.