दिंडोशी सिद्ध करा

माझे एकशे चाळीस डॉलर तीन आठवडे अधांतरी लटकलेत. परदेशातल्या एका कंपनीला सबटायटल्सचा मराठी अनुवाद करून दिला. काम त्यांनी एका दिवसात पसंत केलं. मी अजून पसंत व्हायचा आहे. मधल्या पेमेंट कंपनीचं म्हणणं असं की आधार कार्डावरचा पत्ता मालाड पूर्वेचा आणि लाइट बिलावरचा गोरेगाव पूर्वेचा, तेव्हा मी नक्की कोण?

दोन्हीकडे दिंडोशीच आहे, असं कळवलं. इथे मेट्रोचं स्टेशन आहे, बेस्टचा डेपो आहे, सेशन्स कोर्ट आहे. जन्मठेप सुनावता येते इतकी ही जागा खरी आहे. फक्त त्यांच्या यादीत नाही.

कंपनीची बाजूही ऐकावी. मनी लाँडरिंगविरोधी कायदा 2002चा, लागू झाला 1 जुलै 2005ला. मग 31 ऑक्टोबर 2023ला रिझर्व्ह बँकेने देशाबाहेरच्या पैशांची ने-आण करणाऱ्या या मधल्या मंडळींनाही दावणीला बांधलं : फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करा, गिऱ्हाईक पारखा, संशय आला तर कळवा. आता कळवायचंच म्हटल्यावर संशय यायला नको? तो माझ्यावर आला, कारण मी फोन उचलतो.

फॉर्ममध्ये विचारलंय, आपण ‘पोलिटिकली एक्स्पोज्ड’ व्यक्ती किंवा तिचे नातलग आहात का? घाम फुटला. एक मेव्हणा शाखेत बसतो, एक पक्षांतर करून आलाय. नियम काढून वाचला. त्यात परकीय सत्तेने मोठ्या पदावर बसवलेली माणसंच धरलीत. आपले नगरसेवक, आमदार, मंत्री व्याख्येत बसतच नाहीत. म्हणजे कुठल्याशा बेटावरच्या मंत्र्याचा जावई जोखमीचा, आणि आमच्याकडचे सगळे धुतल्या तांदळासारखे. त्या रात्री गाढ झोप लागली.

बाकी लबाडाचे कागद कधी चुकत नाहीत. 2024च्या अखेरीस मालेगावचं प्रकरण बाहेर आलं. बाजार समितीत नोकरी लावतो म्हणून पोरांची आधार, पॅन कार्डं गोळा केली, त्यांच्या नावाने सहकारी बँकेत खाती उघडली आणि तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार शंभर कोटींच्या वर रक्कम त्यातून फिरवली. नाव जुळलं, फोटो जुळला, पत्ता जुळला. माणसंही अस्सल. पैसे तेवढे त्यांचे नव्हते. तो रकाना फॉर्मात नसतो.

काल रात्री साडेअकराला फोन आला. आधी अमेरिकन वळणाचं इंग्रजी, मग आडनाव ऐकून हळूच, “काका, मी संतोषनगरचाच.” मालाड पश्चिमेच्या ऑफिसात बसून हा मुलगा अमेरिकेच्या वतीने दिंडोशीचा शोध घेत होता. पहाटे सुटला की झोपायला इथेच येणार.

“मग लिही ना, दिंडोशी आहे म्हणून.”

“माझं लिहून काय उपयोग? माझंच आधार गोरेगावचं आणि भाडेकरार मालाडचा.” मग आवाज उतरवून, “काका, लाइट बिल कुणाच्या नावावर आहे?”

“वडिलांच्या.”

“मग त्यांचंच केवायसी करून टाकू.”

“अरे, ते 2009ला गेले.”

पलीकडे थोडा वेळ टकटक ऐकू आली.

“मग तर उत्तमच. परदेशवारी नाही, उलाढाल नाही, राजकारण नाही. लो रिस्कमध्ये टाकतो. दहा वर्षं कुणी काही विचारणार नाही.”