मध्यभागी बसलेला माणूस

सराउंड स्पीकर कसे लावावेत याची एक अधिकृत आकृती आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस म्हणूनच ती प्रसिद्ध आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. एक वर्तुळ. नाकासमोर मधला स्पीकर, त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर डावा आणि उजवा, मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. सगळे सारख्या अंतरावर. आणि मधोमध एक माणूस. एकटा. त्याला बायको नाही, आई नाही, त्याच्या हॉलला दार नाही, कोपऱ्यात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग नाही.

मला स्पीकर हवे होते ते त्या माणसापायी. ऑफिसात मी खांबाआडच्या टेबलावर बसतो, सोसायटीच्या मीटिंगला मागच्या रांगेत, आणि लग्नाच्या ग्रुप फोटोत माझा फक्त खांदा येतो. पाच स्पीकर माझ्याकडे, फक्त माझ्याकडे तोंड करून उभे आहेत, या कल्पनेनंच अंगावर मूठभर मांस चढलं.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, हॉल केवढा?"

आमचा डोंबिवलीचा हॉल दहा बाय चौदा. "असेल बारा बाय अठरा," मी म्हणालो. वय कमी आणि हॉल मोठा सांगायला आपलं काय जातं? शहात्तर चौरस फूट मी उभ्या-उभ्या हवेत बांधले. आमच्या बिल्डरनंही कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपमध्ये एवढा फरक ठेवला नव्हता. दुकानदारानं त्या मापाचा वूफर काढला. '५.१' मधला तो '.१'. खालचे आवाज तेवढे वाजवायचे, साधारण १२० हर्ट्झच्या वरचं त्याच्या वाट्याला काही नाही, म्हणून त्याला पूर्ण एक धरत नाहीत. सगळ्यांत जड, सगळ्यांत जागा खाणारा, आणि मोजणीत दशांश!

या हौसेचं मूळ मात्र आमच्या काकांच्या नाण्यात आहे. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला आणि मिनर्व्हातून पाच वर्षं हलला नाही, हे काय सांगायचं? पण तो तिथे ७० एमएमवर, स्टिरिओफोनिक आवाजात पाहिलेली माणसं स्वतःला वेगळ्याच जातीची समजतात. गावच्या टॉकीजमध्ये पडद्यामागच्या एकाच भोंग्यातून 'शोले' ऐकलेल्यांना काका 'शोले' न पाहिलेल्यांतच धरत. तर त्या सिनेमातलं नाणं खणखणत पडतं तेव्हा ते काकांच्या खुर्चीखाली पडलं. अख्ख्या रांगेनं वाकून पाहिलं. एकानं तर काडी पेटवली.

पुढे मला कळलं की मिनर्व्हात गेलेल्या प्रत्येकाच्याच खुर्चीखाली ते पडलेलं आहे. आमचे एक निवृत्त हेडक्लार्क बाल्कनीत बसले होते, नाणं तिथेही चढलं. काकूंच्या माहेरच्या एका मामांच्या तर चपलेवर आपटलं. काकांच्या मते हे सगळे थापाडे. एकदा काकू न राहवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही मध्यंतरानंतर घोरत होतात. मी कोपरानं ढोसलं तेव्हा उठलात." काका जराही डगमगले नाहीत. "घोरणाऱ्या माणसाला ऐकू आलं! म्हणजे विचार कर, आवाज काय असेल!" काका गेले. शेतीचे दोन तुकडे चुलतभावांत वाटले गेले. माझ्या वाट्याला ते नाणं आलं आहे, अशी माझी समजूत आहे.

स्पीकर लावायला इलेक्ट्रिशियन आला तेव्हा मी कोनमापक घेऊन तयार होतो. डावा मागचा स्पीकर ११० अंशांवर धरला तर तिथे देवघर.

"म्हणजे हेलिकॉप्टर गणपतीच्या पाठीमागून येणार?" बायकोनं विचारलं.

उजवा धरला तर तिथे स्वयंपाकघराकडे जायची वाट. भिंतच नाही. नियमाप्रमाणे तो स्पीकर हवेत तरंगायला हवा होता. इलेक्ट्रिशियननं माझ्या हातातल्या कोनमापकाकडे एकदा पाहिलं, पेन्सिल कानावर खोचली आणि ड्रिलच्या मुठीनं भिंत ठोकत निघाला. टक टक. टक टक. ठप्प. "इथे वीट आहे, गिट्टी धरेल. तिथे कॉलम लागतोय, बिट तुटेल." आवाजातलं खरोखर काही कळणारा घरात तो एकटाच होता. त्यानं ठरवलं तसं झालं. उजवा फ्रिजच्या वर गेला आणि डावा दिवाणाच्या टोकाला, बसणाऱ्याच्या कानापासून दीड फुटावर. वायरी पांढऱ्या केसिंग पट्टीतून देवघराला वळसा घालून गेल्या. देवांनी प्रदक्षिणा करून घेतली.

आता आवाज मिलिसेकंदाला साधारण फूटभर जातो, आणि तोच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोचला तिकडूनच तो आला असं कान मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये हे मांडलं. एकत्र कुटुंबात हा नियम फार जुना आहे: आधी येऊन सांगेल त्याचं खरं. म्हणून जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून ठेवावं लागतं. ते काम रिसीव्हर करतो. सोबतचा माइक मधोमध ठेवायचा, रिसीव्हर पाचही दिशांनी सूं-सूं आवाज सोडून अंतरं मोजतो, आणि तोवर घरात चिडीचूप शांतता हवी. पहिल्या खेपेला कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या खेपेला भंगारवाला. तिसऱ्या खेपेला आई हळूच म्हणाली, "झालं का रे?" आणि रिसीव्हरनं जाहीर केलं की उजवा स्पीकर चाळीस फुटांवर आहे. म्हणजे समोरच्या बिल्डिंगमध्ये.

वूफरसाठी तज्ज्ञांची एक युक्ती आहे. वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीकडेनं रांगायचं. जिथे खर्ज चांगला ऐकू येईल ती त्याची जागा. मी दिवाणावर वूफर बसवला आणि कान जमिनीलगत धरून रांगू लागलो. शू-रॅकपाशी पोचलो तोच दार उघडून सोसायटीचे खजिनदार आत आले. मेंटेनन्सच्या पावतीसाठी.

"काय पडलंय?" त्यांनी विचारलं, आणि सभ्य गृहस्थ, तेही वाकून शोधू लागले.

मग कळलं ते असं. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट अशी काही अडकते की भिंतींपाशी तिचा नुसता दणका, आणि बरोबर मधोमध जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ज्या जागेसाठी एवढा आटापिटा, तिथे खर्ज पोचतच नव्हता. तो खालच्या मजल्यावरच्या जोश्यांना मात्र मिळत होता. त्यांनी तसं कळवलंही.

आणि भिंतीला टेकून बसणाऱ्या आईला.

आई कधी तक्रार करत नाही. "गाणी छान लागतात," म्हणाली. मग जरा थांबून, "बोलतात ते तेवढं कळत नाही." वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, त, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. स्वर पोचतात, शब्द पोचत नाहीत. हे मला पाठ होतं. आई विनोदावर आमच्यानंतर अर्ध्या क्षणानं हसते, आमच्या तोंडाकडे बघून हसते, हे मात्र त्या संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. राग येतो तो सिनेमावाल्यांचा. नायक कुजबुजणार, आणि गाडी उडाली की कानठळ्या. म्हातारी माणसं पैसे देऊन बॉम्बस्फोट ऐकायला येतात का? माणसानं माणसाला काय सांगितलं एवढंच त्यांना हवं असतं.

सराउंडमध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. बोलणाऱ्याचा तो स्पीकर टीव्हीखाली पोटमाळ्यासारख्या कप्प्यात, गुडघ्यांना उद्देशून वाजत होता. तो पुढे काढला, खाली लाकडी पाचर देऊन तोंड वर केलं, त्याची पातळी चार डेसिबलनं चढवली, मागच्यांची उतरवली. आईची खुर्ची उचलून वर्तुळाच्या मधोमध आणली. ती बसली आणि पंधरा मिनिटांत म्हणाली, "या नटीला 'ळ' म्हणता येत नाही!" त्या दिवसापासून मराठी मालिकांची आमच्या घरी अत्यंत कठोर तपासणी चालू आहे.

मी हल्ली दिवाणाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसतो. डाव्या कानाशी स्पीकर, पाठीशी ५६ हर्ट्झ. पाऊस, घोडे, हेलिकॉप्टर सगळं अगदी अंगावर येतं, फक्त गोष्ट कुठवर आली ते समजत नाही. काल मी आईला विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"जाहिरात लागली की सांगते," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस, ऐकू येत नाही."