चौथीचं का?

रात्री साडेदहाला ओटा पुसून मी दिवे मालवायला निघाले की आमच्या चिरंजीवांना शाळा आठवते. "आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय." विषय : प्लास्टिकमुक्त महाराष्ट्र. साहित्य : थर्माकोल. राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, त्यामुळे लग्नातली पत्रावळ सुधारली. शाळेच्या प्रोजेक्टपर्यंत मात्र ती वार्ता अजून पोचलेली नाही.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं. मला पाहताच तो म्हणाला, "चौथीचं का?" माझ्याआधी तीन आया येऊन गेल्या होत्या. हिरवा कार्डपेपर संपला होता. उरलेल्या जांभळ्यात मी झाडं कापली.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली म्हणतात. पाच दिवस! आणि तेही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपशिवाय! इथे माझ्या हातात एक रात्र, त्यातले दोन तास फेविकॉल वाळण्यात गेलेले, आणि ग्रुपवर कुणीतरी "आमचा तर परवाच झाला" म्हणून फोटो टाकलेला. मुलाने स्वतःच्या हाताने काही करावं, हा सूचनापत्रातला तिसरा मुद्दा. तो हाताची उशी करून सोफ्यावर गाढ झोपला होता.

शेवटी ह्यांना उठवलं. माहिती ह्यांनी लिहिली, चित्रं मी चिकटवली, एक वाजला.

आठवड्याने प्रोजेक्ट परत आला. श्रेणी ब. शेरा : मांडणी बरी, अक्षर सुधारावे.

ह्यांनी आता दुरेघी वही आणली आहे.