कोणालाही मागे न ठेवता

२००० साली संयुक्त राष्ट्रांनी जगाच्या विकासाची आठ उद्दिष्टं ठरवली. त्यांत अपंगांचा उल्लेख एकदाही नव्हता. दर सहा माणसांतला एक दिसू नये, याला तशी साधनाच लागते! २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या करारात चूक सुधारली, विकासाच्या कामांत अपंगांनाही सामावून घ्या असं सांगणारं कलम ३२ आलं. २०१५ मध्ये तर ‘कोणालाही मागे ठेवणार नाही’ अशी शपथच घेतली. मग २०२१ ची ग्लासगोची हवामान परिषद. इस्राएलच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्री करीन एल्हरार व्हीलचेअर वापरतात. दोन तास ताटकळूनही त्यांना आत जाता आलं नाही. हॉटेलवर परतल्या. मंत्रीच त्या, म्हणून ब्रिटनच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. बाकीच्यांसाठी अभिप्रायाचा अर्ज असतो. मिळतो दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे.